क्रियापदांचा मागोवा (लेखांक 7) : लाँच
मोरा बंदरात ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच अडते आणि भाऊच्या धक्क्याला निघालेला उरणकर पिशवी मांडीवर घेऊन भरतीची वाट पाहत बसतो, तेव्हा आपल्या तोंडचा हा शब्द परभाषेतला आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. मोरा, रेवस, मांडवा या बंदरांतून ये-जा करून या नामाने मराठीत रहिवासाचा हक्क केव्हाच संपादन केला आहे. आजच्या लेखांकात विचार करावयाचा आहे तो इंग्रजीतील त्याच उच्चाराच्या क्रियापदाचा, आणि मौज अशी की या दोघांचे गोत्र भिन्न आहे. रेवदंड्यास 1740 पर्यंत ज्यांचे ठाणे होते त्या पोर्तुगीजांच्या भाषेतील ‘लांचा’ या नौकानामावरून इंग्रजांनी नाम घेतले आणि त्याचे मूळ बहुधा मलायी भाषेत असावे; क्रियापद मात्र भाल्याच्या लॅटिन नावापासून निघाले व जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत येऊन पोहोचले. फेकणे, वेगाने सोडणे हा त्याचा मूळ अर्थ.

हातातून सुटलेली वस्तू पुढे स्वतःच्या गतीने जाते, ही त्यातील कल्पना. अग्निबाणासाठी आपण ‘प्रक्षेपण’ म्हणतो, तेव्हा ‘क्षिप्’ धातूमुळे ती यथार्थ उतरते. जहाजाचे मात्र ‘जलावतरण’ होते. तेथे फेकण्याचा आवेश नाही, पाण्यात उतरण्याचे सौष्ठव आहे. आणि किनाऱ्यावरची बोली याहूनही चोखंदळ आहे: पावसाळ्यात शाकारून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेच्या सुमारास तळाखाली लाकडे सारून, चारचौघांनी खांदा देऊन पाण्यात ‘लोटतात’, शीड उभारून ती दर्यात निघाली की ‘हाकारली’ म्हणतात. दोन कृती, दोन क्रियापदे.

हा विवेक सध्याच्या वृत्तलेखनात लोपत चालला आहे, याचे मला खरोखर दुःख होते. पुस्तक लाँच, मोबाईल लाँच, योजनाही लाँच! पुस्तकाचे प्रकाशन होते आणि मोबाईल बाजारात येतो. तेथे फार तर भाषेचे सौंदर्य उणावते. योजनेच्या बाबतीत मात्र नुकसान नागरिकाचे होते. जाहीर, मंजूर, अंमल हे शब्दही एके काळी परकेच होते, परंतु राज्यकारभारातील तीन वेगवेगळ्या पायऱ्या त्यांनी रयतेला ओळखता येतील अशा केल्या. ‘योजना लाँच झाली’ एवढेच वाचून अलिबागेच्या कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला, नुसती घोषणा झाली आहे, शासननिर्णय निघाला आहे की प्रत्यक्ष अर्ज स्वीकारणे सुरू झाले आहे, हे त्या एका शब्दावरून मुळीच कळत नाही.

धक्क्यावरची लाँच खुशाल लाँचच राहू द्यावी. योजनेची बातमी लिहिणाऱ्यांना मात्र माझी आग्रहाची विनंती आहे की, ती जाहीर झाली, मंजूर झाली की अमलात आली, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात स्पष्ट लिहावे.