अपघाताची भरपाई आणि वकिलाची निवड



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. बांधाच्या भांडणापुरती ती खरीही आहे. पण अपघातात हातपाय गमावलेल्या माणसाने ती उराशी धरली, तर त्याचे हक्काचे पैसे बुडतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा बहुसंख्य आदिवासींचा आहे. अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागांतले किती तरी लोक दरवर्षी गुजरातेत ऊसतोडीला जातात. समजा, तुमच्या पाड्यावरचा एक गडी तिकडे गेला, वाटेत ट्रकने धडक दिली, पाय कायमचा अधू झाला. त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, भरपाईसाठी त्याला गुजरातेत खेटे घालण्याची गरज नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १६६ प्रमाणे जखमी माणूस जिथे राहतो, तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. म्हणजे अपघात सुरतेकडे झाला, तरी दावा आपल्या जिल्ह्यात चालू शकतो. मात्र वेळ दवडू नये. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे खरे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

आता वकिलाकडे वळू. पुष्कळदा आपण वकील शोधण्याआधी वकिलाचा माणूसच आपल्याला शोधत दवाखान्यात येतो. खाटेपाशी बसून म्हणतो, “भाऊ, एक पैसा देऊ नको. मिळतील त्यातले शेकडा पंचवीस आमचे. इथे अंगठा कर.” ऐकायला गोड वाटते. पण एवढे ध्यानात ठेवा की असे दलाल पाठवून काम मिळवण्याची वकिलाला मनाई आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे, हेही वकिलांच्या नियमांत बसत नाही.

ही मनाई आजची नव्हे. निम्म्या वसुलीचा करार करणाऱ्या एका वकिलाला मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिने निलंबित केले होते, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते गैरवर्तन मानले. २०१७ साली तेलंगणातील एका विधवेचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पतीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईतून वकिलाने शेकडेवारीने फी मागितली होती, तिच्याकडून चेकही घेतला होता. न्यायालयाने ती मागणी बेकायदा ठरविली.

यामागचे कारण साधे आहे. भरपाईचा आकडा काढताना दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, अपंगत्व आणि सोसलेल्या वेदना विचारात घेतल्या जातात. समजा सहा लाख मिळाले आणि दीड लाख वाटेकऱ्याने नेले. मग अधू पाय गड्याचा, आणि चौथाई दुसऱ्याची! पुढच्या औषधाला आणि मुलाच्या शाळेला तेवढे कमी पडणार.

याचा अर्थ वकिलाने फुकट राबावे असा नाही. त्याच्या कष्टाचा मोबदला द्यावाच. पण तो आधी आकड्यात ठरवावा, हप्ते ठरवावेत, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. त्याला सनद आहे ना, असे दावे त्याने चालवले आहेत ना, हे विचारण्यात कसला संकोच? वकीलपत्रावर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर सही-अंगठा मुळीच देऊ नये. भरपाईचे पैसे जखमीच्या स्वतःच्या खात्यातच यावेत, आणि पासबुक त्याच्याच घरात असावे. वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो. फी थकली म्हणून त्याला पक्षकाराची कागदपत्रे अडवून धरता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

आणि ज्याच्याजवळ फीला पैसेच नाहीत, त्याने काय करायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अपंग यांना मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. यांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य लोक या हक्कात येतात! जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावावा. तेथून नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देते. त्याने पक्षकाराकडून वेगळे पैसे मागायचे नसतात.

वकील कितीही चांगला असला, तरी कागदांवाचून त्याचे हात बांधलेले असतात. पोलिसांकडची फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचा नंबर, तिच्या विम्याची माहिती, दवाखान्याचे केसपेपर, औषधांची बिले, अपंगत्वाचा दाखला हे सारे एका पिशवीत जपून ठेवावे. मजुरीचा पुरावा म्हणून मुकादमाची उचल-वही किंवा हजेरीची चिठ्ठी कामी येते. माल वाहणाऱ्या गाडीत बसून जाताना अपघात झाला असेल, तर तेही वकिलाला स्पष्ट सांगावे, लपवू नये. अशा दाव्यांत विमा कंपनी हमखास हरकत घेते, आणि तिला उत्तर द्यायची तयारी वकिलाला आधीच करावी लागते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पाड्यावर कुणाला अपघात झाल्याचे कळले, तर दोन घटका त्याच्या घरी जा. अपघाताची तारीख लिहून द्या, त्यापुढे सहा महिन्यांची तारीख लिहा, आणि ‘मला न दाखवता कुठेही अंगठा करू नकोस’ एवढे बजावा. कोर्टाची पायरी त्याला चढावी लागेलच. ती चढताना कुणी त्याच्या खिशात हात घालू नये, एवढे आपण नक्की पाहू शकतो.