दृष्टिपटलाचा हिशेब तपासणारे यंत्र

मला मधुमेह जडल्यास आता सोळा वर्षे झाली. रक्तशर्करेची नोंद मी बँकेतील रोजकीर्दीइतकीच काटेकोरपणे ठेवली. मात्र डोळ्याचा मागचा पडदा दरवर्षी तपासून घ्यावा, ही सूचना चार वर्षे टाळली. दिसायला सर्व स्वच्छ दिसत होते! मधुमेहजन्य दृष्टिपटलविकाराचे कपट नेमके हेच. सूक्ष्म रक्तवाहिन्या प्रथम फुगतात, झिरपू लागतात. पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या वाढून रक्तस्राव होतो. रुग्णाच्या ध्यानी येईपर्यंत पुष्कळदा बरीच हानी झालेली असते. वेळीच कळले, तर लेसर वा इंजेक्शनच्या उपचाराने दृष्टी बहुतांशी राखता येते.

परंतु कळावे कसे? आपल्या देशात मधुमेही कोट्यवधी, आणि दृष्टिपटलाचे तज्ज्ञ मोजके, तेही बव्हंशी शहरांत. या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडू लागली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रबंध प्रसिद्ध केला. दृष्टिपटलाची १,२८,१७५ छायाचित्रे त्यांनी संगणकाला शिकवणीसाठी दिली. त्यांतील काही मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळुरूचे नारायण नेत्रालय यांच्याकडील होती. प्रत्येक छायाचित्राची प्रतवारी ५४ नेत्रतज्ज्ञांच्या गटाकडून तीन ते सात वेळा करून घेतली होती. (एकाच कर्जप्रकरणावर सात अधिकाऱ्यांचे शेरे ही कल्पना मला विलक्षण सुखद वाटली.) संगणकाला नियम सांगितले नाहीत, उदाहरणांवरूनच तो शिकला. एकही रुग्ण निसटू नये यावर भर देऊन चाचणी घेतली, तेव्हा तज्ज्ञाकडे पाठवण्याजोग्या शंभरांपैकी सुमारे ९६ ते ९७ प्रकरणे त्याने ओळखली.

प्रयोगशाळेतील हे यश दवाखान्यात मात्र जसेच्या तसे उतरले नाही. थायलंडमधील चिकित्सालयांत ही प्रणाली वापरली असता १,८३८ पैकी २१ टक्के छायाचित्रे यंत्राने निकृष्ट म्हणून नाकारली. पुष्कळ खोल्यांत पुरेसा अंधारच करता येत नव्हता. ज्यांची छायाचित्रे नाकारली गेली, त्यांना दूरच्या रुग्णालयाचा हेलपाटा आला.

याहून गंभीर चूक अमेरिकेतील एका वेगळ्या प्रणालीत आढळली, आणि हिशेबनीस या नात्याने ती मला अधिक बोचली. कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे, हे ही प्रणाली त्याच्यावर होणाऱ्या वैद्यकीय खर्चावरून ठरवीत असे. खर्च अधिक, म्हणून आजार अधिक! कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते मागे पडत. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले की, हा दोष दूर केल्यास जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. बेरीज अचूक होती. रकाना चुकीचा निवडला होता. असा ताळेबंद मी नोकरीत अनेकदा पाहिला आहे.

अखेर गेल्या महिन्यात मी तपासणी करून घेतली. यंत्राने काही क्षणांत 'संशयास्पद' असा शेरा दिला. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्वतः पाहिले आणि विकार प्रारंभिक अवस्थेत असल्याचे सांगितले. उपचाराची गरज तूर्त नाही. सहा महिन्यांनी पुन्हा यायचे आहे. ती तारीख सौभाग्यवतींनी माझ्या रोजकीर्दीत लाल शाईने लिहिली आहे.