दर दोन तासांनी कूस

पाठीचा कणा मोडून आतला मज्जारज्जू तुटला, तरी माणूस सहसा त्या दुखापतीनं मरत नाही. त्याचा जीव घेतं अंथरूण. कमरेखालचं काहीच जाणवत नसल्यानं तो कूस बदलत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या कातडीला रक्त मिळत नाही, काही तासांतच ती मरू लागते आणि माकडहाडापाशी पार हाडापर्यंत जखम चरत जाते. मूत्राशयही आपणहून रिकामं होत नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडं हात टेकतात. पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुतेक सैनिक याच दोन कारणांनी गेले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हाही असा रुग्ण गेल्यातच जमा, असं बहुतेक डॉक्टर धरून चालत. हा समज मोडला तो जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमान या ज्यू न्यूरोसर्जननं. आज त्यांचं नाव निघतं ते पॅरालिम्पिकचे जनक म्हणून. पण त्यांचं मोठं काम वॉर्डातलं होतं, आणि त्यात सुरीचा वाटा अगदी थोडा होता.

गुटमान यांचा जन्म १८९९चा, सायलेशियातला. ब्रेस्लाऊमध्ये (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) ओटफ्रिड फोर्स्टर या नामांकित गुरूच्या हाताखाली ते तयार झाले. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. मग ते तिथल्या ज्यू रुग्णालयात रुजू झाले आणि पुढे त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यूंची घरं-दुकानं फोडली जात होती, त्या रात्री त्यांनी हुकूम सोडला, की दारात येईल त्या पुरुषाला दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी जाब विचारायला आले, तेव्हा खाटेखाटेपाशी नेऊन त्यांनी एकेकाला आजार चिकटवला. ६४ जणांपैकी ६० वाचले. मार्च १९३९मध्ये बायको आणि दोन मुलांसह ते ऑक्सफर्डला पोचले. इथं मात्र चाळिशीला टेकलेल्या या अनुभवी सर्जनच्या वाट्याला आलं ते संशोधन. रुग्ण हाताखाली नाहीत, निर्णयाचा अधिकार नाही. पाहुण्या डॉक्टरला जागा मिळते ती बहुधा इतरांनी नाकारलेली. १९४३मध्ये एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी विभाग काढायचं ठरलं. त्या कामाला प्रतिष्ठा नव्हती आणि यशाची आशाही नव्हती. गुटमान यांनी ते घेतलं, पण विभाग आपल्या पद्धतीनं चालेल या अटीवर.

ही पद्धत सांगायला सोपी आणि पाळायला महाकठीण. प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, कुशीवर वळवायचं. प्लास्टरच्या साच्यात जखडून ठेवायचं नाही. लघवीची नळी घालायची ती डॉक्टरनं, पूर्ण निर्जंतुक हातांनी. येईल-जाईल त्यानं नाही. मोडलेल्या मणक्याला उशांच्या आधारानं हळूहळू जागेवर आणायचं, उठसूट चिरफाड करायची नाही. पहाटे तीनची कूस तीनलाच वळवली गेली का, हे बघायला गुटमान स्वतः वॉर्डात जात. सिस्टर आणि ऑर्डर्ली त्यांना टरकून असत. रुग्ण मात्र त्यांना ‘पॉपा’ म्हणत. ऑपरेशन थिएटरमध्ये नाव कमावलेल्या माणसानं आपली सगळी जरब कूस वळवण्यासारख्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या कामामागे उभी केली, हे मला त्यांच्या कुठल्याही शोधापेक्षा मोठं वाटतं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. बॉस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी १९३०च्या दशकातच अशा रुग्णांची शिस्तशीर देखभाल सुरू केली होती. म्हणजे कल्पनेचं पहिलेपण गुटमान यांचं नाही. पेनिसिलिनही नेमकं त्याच सुमारास हाताशी आलं. हे खरं, पण पेनिसिलिन कूस वळवत नाही. दाबानं मेलेली कातडी औषधानं जिवंत होत नाही. मन्रो यांच्या विचारांना देशव्यापी व्यवस्थेचं रूप देणारं ठिकाण मात्र स्टोक मँडेव्हिल ठरलं. तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सळया आणि स्क्रू वापरून मणका स्थिर करण्याचं तंत्र पुढे सुधारलं, तरी गुटमान शस्त्रक्रियेविरुद्ध अडूनच बसले. इथं ते हट्टी होते, हे मान्य करायला हवं. मात्र ऑपरेशन कितीही नीट झालं तरी तुटलेल्या मज्जारज्जूखालची कातडी बधिरच राहते, म्हणून त्यानंतरही तीच देखभाल लागते.

खेळही याच उपचारातून आले. दंड आणि छाती मजबूत झाल्याशिवाय व्हीलचेअर चालवता येत नाही, आणि रोजच्या व्यायामाला माणूस कंटाळतो. स्पर्धेला कंटाळत नाही. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी माजी सैनिक, त्यांत दोन स्त्रिया, धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. पुढे पॅरालिम्पिक म्हणून ओळखल्या गेलेल्या या स्पर्धांसाठी १९६०मध्ये रोमला सुमारे ४०० खेळाडू जमले. १९७२ साली या स्पर्धा जर्मनीत, म्हणजे गुटमान यांना हाकलणाऱ्या देशातच, हायडेलबर्गला भरल्या. तिथं ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला भारतीय लष्कराचा जवान. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. अशा माणसाला जगवून थांबायचं नाही, परत कामाधामाला लावायचं, हा गुटमान यांचा आग्रह होता. त्यातला पहिला भाग वॉर्डाच्या हातात असतो. दुसऱ्यासाठी समाजाला जागं व्हावं लागतं. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.