जड बोकड आधी जातो

बकरी ईद जवळ आली की येरवड्यात बोकडांचे टेम्पो उतरू लागतात. गिऱ्हाईक पाठीवरून हात फिरवतं, दात बघतं आणि मग बोकड काट्यावर चढतो. इथे भाव जिवंत वजनाचा.

दोन उस्मानाबादी बोकड, दोघे काळेभोर, वयही तेच. वजनात मात्र चार-पाच किलोंची तफावत. विकणारा सांगतो, ‘रक्ताचा गुण आहे.’ असेलही, पण सगळा नव्हे. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी या आपल्या राज्याच्या नोंदणीकृत जाती. त्यांच्यात फरक आहेच, पण एकाच जातीच्या आतही तो मोठा असतो. उस्मानाबादी शेळी जुळी पुष्कळदा देते. जुळ्यातल्या करडाच्या वाट्याला निम्मं दूध, एकुलत्याला सगळं. शिवाय आईचं वेत कितवं, जन्म हिरव्या चाऱ्याच्या दिवसांतला की उन्हाळ्यातला? हे सगळं वजा केल्यावर जनुकांच्या खात्यावर उरतो तो फरकाचा निम्म्याहून बराच कमी हिस्सा.

तोही एका जनुकाचा नाही. मेंढीला जास्त कोकरं होण्यासाठी ‘फेक-बी’ हे एकच जनुक पुरतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते सुंदरबनच्या गरोळ मेंढीतून दख्खनी मेंढीत आणलं. वजनाचं तसं जमत नाही. वाढीची संप्रेरकं, स्नायू, भूक, पचन यांच्याशी जोडलेली कितीतरी जनुकं त्यात चिमूट-चिमूट भर घालतात. म्हणून जनुक शोधण्याआधी तराजू लागतो. अखिल भारतीय शेळी सुधार प्रकल्पात फलटणला उस्मानाबादीच्या आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरीच्या वजनांच्या नोंदी होतात: जन्मताना, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात. त्यांवरून पैदाशीचा बोकड ठरतो.

गावात मात्र निवड उलटी चालते. सर्वांत वेगाने वाढलेलं करडू पहिल्यांदा विकलं जातं, पुष्कळदा एकाही शेळीला लागण्याआधी. तीन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईने ईदचा भाव सोडून तो बोकड पुढच्या पिढीसाठी राखावा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? ती विकते. वाडीत मागे राहिलेलं, कोणी काट्यावर न चढवलेलं किरकोळ करडू तोवर वयात आलेलं असतं.