विश्लेषण : मधुमेहींचे पाय वाचवण्यासाठी नोंदी का महत्त्वाच्या?

मुंबईतील सुमारे १८ टक्के प्रौढांच्या रक्तात उपाशीपोटी साखर जास्त असते, असे महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पाहणीत आढळले. मधुमेह आणि तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. निदान लांबले तर साधी जखमही चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येऊ शकते. यातले किती पाय वाचले असते, हे नोंदींशिवाय कळत नाही.

कोणत्या नोंदी हव्यात?

घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागल्यावर उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायाचा रक्तपुरवठा कमी असल्याचे समजतात. छोट्या डॉप्लर यंत्राने ही तपासणी काही मिनिटांत होते. पाय कापण्यापूर्वी ती झाली होती का, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे रुग्ण किती दिवसांनी पोहोचला, वर्षभराने तो चालतो का, या नोंदी मोलाच्या आहेत.

त्याने फरक पडतो?

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. पोटातील फुगलेल्या महाधमनीच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर तेथील मृत्युदर ७ टक्क्यांहून अधिक, तर युरोपची सरासरी ३.५ टक्के असल्याचे २००८च्या अहवालात दिसले. त्यानंतर शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या आणि रुग्णालयनिहाय नोंदींवर भर दिला गेला. २०१२च्या अहवालात तो दर २.४ टक्के होता.

मुंबईत अडचण कुठे?

घाटकोपरच्या राजावाडीत तपासलेला रुग्ण शस्त्रक्रियेसाठी परळच्या केईएमला आणि ड्रेसिंगसाठी घराजवळच्या दवाखान्यात जाऊ शकतो. मग कागद तीन ठिकाणी विखुरतात आणि शेवट कुणालाच कळत नाही. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाने, रुग्णाच्या संमतीने, हे दुवे जोडता येतात. कर्करोगाची नोंदणी तर मुंबईत १९६३पासून सुरू आहे.

धोका कोणता?

गंभीर रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाचे आकडे वाईटच दिसणार. तुलनेत वय, मूत्रपिंडाचा आजार, जखमेची खोली धरली नाही, तर अवघड रुग्ण नाकारले जातील.

रुग्णाने काय करावे?

चालताना पोटरी दुखत असेल किंवा पायाची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर घोट्याचा रक्तदाब मोजायला सांगा. पाय अचानक थंड, पांढरा पडला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. प्रत्येक डिस्चार्ज कार्डचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.