आत्तंगुडीची लादी

जुन्या मुंबईतील चाळी व बंगले, पुण्याच्या वाड्यांतील दिवाणखाने, बडोदे-इंदूरकडील जुनी घरे, यांत ज्यांचे बालपण गेले असेल त्यांना तांबड्या, काळ्या आणि पिवळ्या नक्षीची ती थंडगार जमीन आठवत असेल. उन्हाळ्याच्या दुपारी तिच्यावर नुसता पंचा टाकून निजावयाचे, आणि झोप लागेपर्यंत नक्षीतील पाकळ्या मोजीत राहावयाचे. या लादीला कोणी मोझेक म्हणत, कोणी मिंटन म्हणत. दोन्ही नावे चुकीची. मोझेकच्या लादीत संगमरवराच्या कपच्या घालून ती घोटलेली असते. मिंटनच्या लाद्या विलायतेहून येत आणि त्या भट्टीत भाजलेल्या मातीच्या असत. आपण जिच्यावर निजलो ती लादी सिमेंटची. तिला विस्तवाचा स्पर्शही झालेला नसतो.

हिचा इतिहास फार जुना नाही. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ साली. त्यानंतर काही दशकांतच दक्षिण फ्रान्समध्ये सिमेंटमध्ये रंग कालवून नक्षीदार लाद्या बनवू लागले. तेथून ही विद्या स्पेन, मोरोक्को, क्यूबा, व्हिएतनाम अशी दूरदूर गेली. हिंदुस्थानात प्रथम या लाद्या बाहेरून येत. १९२२ साली मुंबईजवळ उरण येथे सिधवा कुटुंबाने ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ हा कारखाना काढला. स्वदेशीचे ते दिवस होते. खादीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. स्वदेशी लादीचे नाव मात्र फारसे कोणी काढीत नाही.

ही लादी यंत्राच्या दाबाखेरीज, निव्वळ हाताने, आजही कोठे बनते हे पाहावयाचे असेल तर तमिळनाडूत कारैकुडीजवळच्या आत्तंगुडी या गावी जावे लागते. हा चेट्टिनाडचा मुलूख. येथील नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारी-व्यापारासाठी ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायात गेले, आणि मिळविलेला पैसा त्यांनी गावाकडच्या प्रचंड घरांत ओतला. ब्रह्मी सागवानाचे खांब, इटलीचा संगमरवर, युरोपातली झुंबरे. या घरांतील चौक आणि ओसऱ्या झाकावयाच्या तर लाद्या लागत त्या हजारांनी, आणि तेथूनच आत्तंगुडीच्या कारागिरांचे हात या कामात मुरले.

त्यांची रीत अशी. काचेचा एक चौकोनी तुकडा घेऊन तो पुसतात व त्याच्यावर तेलाचा हात फिरवितात. त्यावर लोखंडी चौकट, आणि चौकटीत पत्र्याच्या पट्ट्यांचा साचा. साच्याच्या प्रत्येक कप्प्यात सिमेंट, बारीक वाळू आणि रंग यांचा पातळ घोळ पळीने ओततात. मग साचा अलगद वर उचलावयाचा. सारे कसब या एका क्षणात आहे. घोळ पातळ झाला असेल तर तांबडा पिवळ्यात शिरतो. घट्ट असेल तर पट्टीच्या जागी चर राहतो. हात किंचित हलला तरी पाकळीची कड हलते. दोन लाद्या म्हणून तंतोतंत सारख्या निघत नाहीत, आणि शंभर लाद्या शेजारी शेजारी बसविल्या म्हणजे त्या जमिनीला जो एक जिवंतपणा येतो तो या लहानशा फरकांमुळेच येतो.

साचा काढला की ओल्या रंगावर सिमेंट व वाळूचे कोरडे मिश्रण भुरभुरतात. ते रंगातील जास्तीचे पाणी शोषून घेते. त्यावर ओला गिलावा थापीने दाबून भरतात, पाठ सपाट करतात, आणि लादी काचेसकट सुकत ठेवतात. पुढे तिला काही दिवस पाण्याच्या हौदात बुडवून ठेवावयाचे. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, म्हणून पाणी लवकर तुटले तर लादी कच्ची राहते. काच सुटते तेव्हा तिचा गुळगुळीतपणा लादीच्या अंगावर उतरलेला असतो. उरणसारख्या कारखान्यांच्या पद्धतीत लादी दाबयंत्राखाली घट्ट होऊन तत्काळ साच्याबाहेर येते. येथे प्रत्येक लादी आपली काच अडवून बसते. जितक्या काचा तितक्याच लाद्या. घाई करावयाची सोयच नाही.

रंगांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश फार, आणि चुन्यापुढे नाजूक रंग टिकत नाहीत. काव, पिवडी, काळा हे लोहाचे रंग आणि क्रोमचा हिरवा मात्र निर्धास्तपणे वापरता येतात. प्रशियन निळा तर चुन्यात विटूनच जातो. जुन्या जमिनींत निळा क्वचित दिसतो त्याचे एक कारण आवडीनिवडीत नसून या रसायनात आहे.

आता मुख्य मुद्दा. भट्टीतल्या चकचकीत लादीवरची नक्षी ही वरच्या पातळ थरापुरती असते. तो थर झिजला की नक्षी गेली. सिमेंटच्या लादीतला रंग काही मिलिमीटर खोल असतो. पन्नास-साठ वर्षे पावले पडली तरी खालून तोच रंग वर येतो, आणि वापराने तिचे तेज वाढते. आत्तंगुडीकडे तिला खोबरेल तेलाचा हात देतात. म्हणून जुनी जमीन मळकट दिसली तर ती मेली असे समजू नये. बहुधा तिच्यावर नुसता मळ व मेणाची पुटे चढलेली असतात. ती हलक्या हाताने घासून काढली की खालची नक्षी शाबूत असते. कधी पांढरट लोणा फुटतो. तो आतला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेने झालेला असतो, व वारंवार पुसून जातो. अ‍ॅसिड मात्र कदापि ओतू नये. घराघरांतून हा अविचार चालतो. अ‍ॅसिड मळाबरोबर सिमेंटही खाते, आणि मग जमीन खरबरीत होऊन पुढे दुप्पट मळते. लिंबू आणि चिंच सांडली तरी लगेच पुसावी.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश व्यापला आणि चेट्टियारांच्या वैभवाचा पाया हलला. त्यांची कित्येक घरे पुढे ओस पडली, काही मोडून खांब-दरवाजे विकले गेले. मुंबईत निराळ्या कारणाने तेच चालले आहे: चाळी पडतात, मनोरे उठतात. दरवाजे आणि कडीपाट यांना जुन्या बाजारात भाव असतो, म्हणून ते जपून काढतात. जमिनीवर घण पडतो, आणि नक्षी डबराच्या गाडीत जाते.

वास्तविक या लाद्या सुटतात. चुन्यात बसविलेल्या असतील तर बऱ्याच सहज, सिमेंटात असतील तर कष्टाने. भिंतीकडची एक लादी फोडून जागा करावी, मग शेजारच्या लादीच्या खालून, आडव्या छिन्नीने, मसाला सोडवीत जावे. काढण्यापूर्वी जमिनीचे छायाचित्र घ्यावे आणि पाठीवर खडूने आकडे घालावेत, म्हणजे कोपऱ्याची व काठाची लादी कोठली हे पुढे कळते. रचताना एकीवर एक न ठेवता कडेवर उभ्या ठेवाव्यात, नक्षीला नक्षी लावून. पाठीचा जुना मसाला खरडून, लाद्या पाण्यात भिजवून मग नव्या जागी बसवाव्यात. सांधे शक्य तितके बारीक ठेवावेत, आणि सांध्यांत भरलेला सिमेंटचा घोळ वर सांडला तर तो सुकण्यापूर्वीच ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. काही लाद्या तरीही फुटतातच. त्यांच्या जागी नव्या करून घेता येतात, कारण साचा म्हणजे पत्र्याच्या वाकविलेल्या पट्ट्या. जुनी एक लादी समोर ठेवली की आत्तंगुडीचा कारागीर तो वळवून देतो.