बँकेचे स्वतःचे भांडवल किती?

उधारीवर माल देण्यापूर्वी समोरच्या दुकानदाराचे स्वतःचे किती पैसे धंद्यात लागले आहेत, याची आपण चौकशी करतो. मात्र ज्या बँकेत आपली कमाई ठेवतो, तिच्याबाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही. व्याजाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी धंद्यासाठी चालू खाते बहुतेकांना लागतेच.

बँकेचे भांडवल म्हणजे तिजोरीतील रोकड नव्हे. भागधारकांनी घातलेला पैसा आणि नफ्यातून साठविलेला राखीव निधी मिळून ते बनते. समजा, बँकेने 100 रुपयांचे कर्ज वाटले. त्यांत 91 रुपये ठेवीदारांचे व 9 रुपये बँकेचे आहेत. 5 रुपये बुडाले तर बँक ते सोसते. 12 बुडाले तर बँकेचे 9 संपून उरलेल्या 3 रुपयांची झळ ठेवीदारांच्या अमानतीला लागते.

मग भांडवल असावे किती? 1988 च्या बासेल करारात किमान 8 टक्के ठरले. भारतात मार्च 2000 पासून व्यापारी बँकांना 9 टक्के लागू झाले. पुढे त्यावर अडीच टक्क्यांची जादा तरतूद आली. नागरी सहकारी बँकांपैकी लहान बँकांना 9 व मोठ्यांना 12 टक्के, असे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये ठरविले. हे प्रमाण कर्जाच्या जोखमीवर मोजतात. सरकारी रोख्यांना भांडवल जवळपास लागत नाही, धंद्याच्या साध्या कर्जाला पूर्ण लागते.

भांडवल वाढविले की कर्ज आखडते, अशी बँकवाल्यांची तक्रार असते. लहान कारागिराला त्याची झळ बसते, हेही खरे. पण बँकच अडकली तर अधिक नुकसान होते. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. चालू खातीही त्यांतून सुटली नाहीत. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या मार्चअखेरच्या हिशेबात बँकेचे भांडवल 12 टक्क्यांहून अधिक दाखविले होते! प्रत्यक्षात सुमारे 70 टक्के कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होते आणि ते बनावट खात्यांआड लपविले होते. बुडीत कर्ज लपविले की भांडवलाचा आकडाही खोटा ठरतो.

म्हणून आमच्या मते नुसती टक्केवारी पाहून भागत नाही. वार्षिक अहवालात थकीत कर्ज किती, हेही पाहावे. सहकारी बँकेचे सभासद असाल तर वार्षिक सभेला जाऊन विचारावे. एका बँकेत एका ठेवीदाराला विम्याचे संरक्षण 5 लाख रुपयांपर्यंतच आहे. कर्ज घेताना घेतलेल्या शेअर्सना तेही नाही. शेअर्स हेच बँकेचे भांडवल, आणि तोट्याचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो.